वाडी, पाडा, तांडा: जनगणनेत आपल्या वस्तीचा आकडा कसा शोधायचा

रस्त्याचा प्रस्ताव असो, पाण्याची योजना असो की वस्ती सुधार योजनेचा अर्ज, कागदावर एक रकाना हमखास येतो: 'वस्तीची लोकसंख्या (जनगणना 2011 नुसार)'. मग कोणीतरी जनगणनेच्या यादीत वाडीचं नाव शोधतं आणि ते सापडत नाही. काही जण 'सरकारच्या लेखी आमची वाडीच नाही' असं धरून बसतात. काही जण दुसऱ्या तालुक्यातल्या त्याच नावाच्या गावाचा आकडा उचलतात. काही जण पूर्ण गावाचा आकडा वाडीच्या नावावर टाकतात. तिन्ही चुका प्रस्ताव अडकवतात, आणि तिसरी तर पुढच्या पाहणीत उघडी पडते.

यामागचं कारण एकच. ग्रामीण भागात भारताच्या जनगणनेचं प्रसिद्धीचं सर्वांत लहान एकक महसुली गाव आहे, म्हणजे महसूल खात्याकडे स्वतःच्या शिवेनिशी नोंदलेलं गाव. वाडी, वस्ती, पाडा, तांडा, कोळीवाडा हे सगळं त्या गावाच्या आकड्यात मिसळलेलं असतं. माणसं मोजलेली असतात, पण वस्तीच्या नावाने वेगळी छापलेली नसतात. म्हणून काम दोन भागांत करायचं: आधी वस्ती ज्या गावात मोडते त्या गावाचा अधिकृत आकडा मिळवायचा, नंतर त्यातला वस्तीचा वाटा पुराव्यानिशी काढायचा. हा क्रम उलटा केला की गोंधळ झालाच म्हणून समजा.

## 1. संगणक उघडण्याआधीची तयारी

पुढचे कागद आधी जवळ ठेवा:

- वस्तीतल्या दोन-तीन घरांचे किंवा लगतच्या जमिनींचे सातबारा उतारे. ते वस्तीच्या दोन टोकांचे असले तर उत्तम.
- ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी यादी, म्हणजे नमुना 8. आजची हवीच, पण शक्य असेल तर 2010-11 च्या आसपासचीही मागा.
- मतदार यादीचा तुमचा भाग, 2011 च्या जवळच्या वर्षाचा.
- अंगणवाडीची कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही पाहायला मिळाली तर तिच्यातले वस्तीनिहाय आकडे.

यातली जुनी कागदपत्रं लोक टाळतात आणि आजच्या घरांची संख्या घेऊन 2011 चा आकडा काढतात. मधल्या काळात वस्ती वाढलेली किंवा रिकामी झालेली असते, त्यामुळे पाया पहिल्याच पायरीला हलतो. जुन्या यादीसाठी ग्रामपंचायतीत दोन फेऱ्या जास्त माराव्या लागल्या तरी मारा.

## 2. महसुली गाव नक्की करा

सातबाऱ्याच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा असतो. 'मौजे' म्हणून जे नाव येतं तेच तुमचं जनगणनेचं गाव. पोस्टाचा पत्ता, शाळेचं नाव, एसटीच्या थांब्याची पाटी यांवर जाऊ नका.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे. गट ग्रामपंचायतीत दोन, तीन किंवा त्याहून जास्त महसुली गावं असतात. जनगणनेची यादी महसुली गावानुसार असते. ग्रामपंचायतीची एकूण लोकसंख्या हवी असेल तर तिच्यातल्या सगळ्या गावांची बेरीज करावी लागते. ग्रामपंचायतीत कोणती गावं येतात हे केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत, म्हणजे एलजीडीवर, पाहता येतं. तिथे गावासोबत जनगणनेचा कोडही दिलेला असतो.

पेसा गाव म्हणजे जनगणनेचं गाव नव्हे. पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. अनुसूचित क्षेत्रात 2014 च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा असलेलं गाव म्हणून घोषित करता येतं. हा दर्जा ग्रामसभेच्या अधिकारांसाठी फार मोलाचा आहे. पण त्याने पाड्याला वेगळी महसुली शीव मिळत नाही, त्यामुळे जनगणनेच्या यादीत वेगळी ओळही येत नाही.

शिवेवरची वस्ती. अनेक वाड्या दोन गावांच्या शिवेवर वसलेल्या असतात. अर्धी घरं एका गावच्या गटांत, अर्धी दुसऱ्या. प्रगणक, म्हणजे घरोघरी मोजणी करणारा कर्मचारी, घर ज्या गावच्या हद्दीत आहे त्या गावात मोजतो. एकाच गावाचा आकडा धरून वस्तीचा वाटा काढला तर निम्मी माणसं गळतात. दोन टोकांचे सातबारे मागायला सांगितलं ते यासाठीच.

> तपासा: दोन्ही टोकांच्या उताऱ्यांवर गावाचं नाव एकच आहे का? नसेल तर इथून पुढचं सगळं काम दोन्ही गावांसाठी वेगवेगळं करा आणि शेवटी बेरीज करा.

वनगावांची गोष्ट वेगळी. जिथे मोजणी झालेली नाही आणि महसुली शीव नाही, तिथे जनगणना स्थानिकांनी मानलेली हद्द धरून प्रत्येक वस्तीला एक एकक मानते. सातपुड्यात अक्राणी-अक्कलकुवा पट्ट्यात अशी वनगावं बरीच होती. तुमची वस्ती वनगाव म्हणून नोंदलेली असेल तर ती यादीत स्वतःच्या नावाने सापडण्याची शक्यता खरोखर आहे. वन हक्क कायदा 2006 च्या कलम 3(1)(ज) मध्ये अशा गावांना महसुली दर्जा देण्याची तरतूद आहे. तो दर्जा 2011 नंतर मिळाला असेल, तर जुन्या यादीत जुन्याच पद्धतीने शोधा.

## 3. 2011 चा नकाशा डोक्यात घ्या

जनगणनेचे आकडे त्या वेळच्या सीमांवर बांधलेले आहेत. 2011 मध्ये महाराष्ट्रात 35 जिल्हे होते. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला झाला, म्हणून जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी, पालघर आणि वसई हे आठही तालुके यादीत ठाणे जिल्ह्यात शोधायचे. पालघर जिल्हा शोधून 'माहितीच नाही' म्हणणारे दर वेळी भेटतात. तसंच छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर हे जिल्हे 2011 च्या फाइलमध्ये औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या नावांनीच आहेत.

## 4. यादीत गाव शोधा, पण कोडने पक्कं करा

जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी लागतात. एक, प्राथमिक जनगणना सारांश, म्हणजे गावनिहाय कुटुंबं, लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामगार यांचा तक्ता. दोन, जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्या 'अ' भागात गावातल्या सोयीसुविधांची निर्देशिका असते आणि 'ब' भागात हाच सारांश गावनिहाय छापलेला असतो.

नावं इंग्रजी लिपीत आहेत, आणि स्पेलिंग तुमच्या सवयीचं असेलच असं नाही. पिंपळगाव, वडगाव, कोंढवे अशी नावं अनेक तालुक्यांत आहेत. एकाच तालुक्यात खुर्द आणि बुद्रुक अशी जोडगावं असतात आणि तक्त्यात ती संक्षेपाने लिहिलेली असतात. कोकणात आणि मावळात 'तर्फे' लागलेली नावं कापून येतात. म्हणून नाव सापडलं की थांबू नका, कोड मिळवा.

2011 ची कोडपद्धत अशी: राज्याला दोन अंक (महाराष्ट्र 27), जिल्ह्याला तीन, तालुक्याला पाच आणि गावाला सहा अंक. गावाचा सहा अंकी कोड पूर्ण देशात एकमेव असतो. शहरांचे कोड 8 ने सुरू होतात. म्हणजे तुमच्या 'गावाचा' कोड 8 ने सुरू होत असेल तर ते ग्रामीण यादीतलं गाव नाहीच. त्याबद्दल पुढच्या टप्प्यात.

> सावधान: तालुक्याचे पाच अंकी कोड शून्याने सुरू होतात. फाइल एक्सेलमध्ये उघडली की तो शून्य गळतो आणि दोन तक्ते जुळेनासे होतात. कोडचे स्तंभ उघडतानाच 'टेक्स्ट' म्हणून घ्या.

2001 चे कोड वेगळ्या रचनेचे आहेत. दोन जनगणनांची तुलना करायची असेल तर कोड थेट जुळवू नका. पुस्तिकेतल्या गावांच्या वर्णानुक्रम यादीत जुना-नवा कोड शेजारी शेजारी असतो, तिथून घ्या.

## 5. ओळ नीट वाचा

गावाची ओळ सापडली. आता चार तपासण्या.

पहिली, ओळ कोणत्या पातळीची आहे? तक्त्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शहर आणि प्रभाग अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, शिवाय एकूण, ग्रामीण, नागरी अशी विभागणी असते. गाळणी न लावता बेरीज केली की तालुक्याची लोकसंख्या दुप्पट-तिप्पट दिसते.

दुसरी, लोकसंख्या शून्य आहे का? शून्य म्हणजे माहिती राहून गेली असं नसतं. ते बेचिराख गाव आहे: शीव आहे, सातबारा आहे, पण वस्ती नाही. विदर्भात 'रिठी' लागलेली बरीच नावं अशीच असतात. मात्र तुमची वस्ती त्या शिवारात प्रत्यक्षात नांदती असेल आणि तरी आकडा शून्य असेल, तर ती माणसं शेजारच्या गावात मोजली गेली असावीत. अशा वेळी शेजारच्या गावांचा 2001 ते 2011 मधला फरक पाहा. अचानक फुगलेला आकडा तुम्हाला दिशा देईल.

तिसरी, गाव ग्रामीण यादीत सापडतच नाही का? मग ते जनगणना शहर झालेलं असू शकतं. निकष तीन आणि तिन्ही एकत्र लागतात: किमान 5,000 लोकसंख्या, पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान 400. हे निकष पूर्ण करणाऱ्या गावाला जनगणना नागरी मानते, जरी तिथे अजून ग्रामपंचायतच असली तरी. देशात अशी शहरं 2001 मध्ये 1,362 होती, 2011 मध्ये ती 3,800 च्या वर गेली. त्या गावातल्या शेतकरी वाड्याही आकड्यांत 'शहरी' झाल्या. नावापुढे कंसात जनगणना शहराचं संक्षिप्त चिन्ह असतं, ते बघा.

चौथी, गावाचा काही भाग शहराच्या वाढीव भागात गेला आहे का? नगरपालिकेच्या हद्दीला लागून असलेली रेल्वे वसाहत, विद्यापीठाचा परिसर किंवा कॉलनी गावाच्या शिवारात असेल तर जनगणना तो तुकडा शहरासोबत मोजते आणि उरलेलं गाव ग्रामीण राहतं. तेव्हा एकाच गावाच्या दोन ओळी होतात.

सोयीसुविधांच्या निर्देशिकेबद्दल इथे सांगायलाच हवं, कारण वस्त्यांचं सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं. प्राथमिक शाळा गावात 'आहे' अशी नोंद असते, कारण ती गावठाणात आहे. डोंगरापलीकडची वाडी तीन किलोमीटरवर असली तरी ती त्याच गावात धरली जाते. सोय गावात नसेल तेव्हाच निर्देशिकेत अंतराचं चिन्ह येतं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या पुढे. म्हणजे गावातल्या गावात वाडीला पडणारं अंतर या तक्त्यात कुठेच दिसत नाही. प्रस्तावात 'जनगणनेनुसार गावात शाळा उपलब्ध' असा शेरा पडला तर याच मुद्द्यावर हरकत घ्या, आणि सोबत वाडी ते शाळा मोजलेलं पायवाटेचं अंतर जोडा.

## 6. वस्तीचा वाटा काढा

गावाचा आकडा हाती आला. आता वस्तीचा. यासाठी तीन मार्ग आहेत, आणि मी ते याच क्रमाने वापरायला सांगेन.

(क) प्रगणक गट. जनगणनेच्या वेळी गावाचे साधारण सहाशे ते आठशे लोकवस्तीचे गट पाडतात आणि प्रत्येक गट एका प्रगणकाला देतात. मोठा तांडा किंवा लांबची वाडी हा कधीकधी स्वतंत्र गट असतो. या मोजणीची स्थानिक जबाबदारी असलेले चार्ज अधिकारी बहुधा तहसीलदार असतात, आणि गटांची यादी व नजरी नकाशे त्यांच्या कार्यालयाने तयार केलेले असतात. निवडणुकीसाठी प्रभागरचना करताना 2011 ची लोकसंख्या वापरतात, त्या फायलीतही गटांचा तपशील असू शकतो. तो मिळाला आणि गटाची हद्द वस्तीशी तंतोतंत जुळली, तर याहून चांगला पुरावा नाही.

> सावधान: कोणत्या घरात कोण, किती, ही भरलेली मूळ प्रपत्रं मागू नका. जनगणना कायदा 1948 च्या कलम 15 नुसार ती कोणालाही पाहायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. माहिती अधिकारात अर्ज करताना गटांची यादी आणि एकूण संख्या एवढंच मागा.

(ख) घरांचं प्रमाण. समजा 2011 च्या सारांशात गावाची लोकसंख्या 2,400 आणि कुटुंबं 480 आहेत. त्या काळच्या नमुना 8 मध्ये वाडीची राहती घरं 58 आहेत. 58 भागिले 480, गुणिले 2,400, म्हणजे 290. बंद घरं, गोठे, दुकानं आधी वगळा, नाहीतर आकडा फुगतो.

(ग) मतदारांचं प्रमाण. मतदार यादीत प्रत्येक भागाचे वाडीनिहाय विभाग पाडलेले असतात. त्याच गावात एकूण 1,600 मतदार आणि वाडीचे 210 असतील, तर 210 भागिले 1,600, गुणिले 2,400, म्हणजे 315. ज्या वस्तीत लहान मुलं जास्त आहेत तिथे हा मार्ग आकडा कमी दाखवतो, हे लक्षात ठेवा.

दोन मार्गांनी 290 आणि 315 आले. यातला सोयीचा एक उचलू नका. '290 ते 315' असंच लिहा. निकष 250 चा असेल तर दोन्ही आकडे पार होतात आणि वाद उरत नाही. निकष 300 चा असेल तर तुमची बाजू अजून कच्ची आहे. तिसरा पुरावा लागेल.

भागाकारात वर आणि खाली एकाच वर्षाचे आकडे हवेत. वाडीचे मतदार 2024 चे आणि गावाचे 2011 चे, असा हिशेब मी प्रस्तावांत वारंवार पाहतो, आणि तो कोणत्याही छाननीत टिकत नाही.

## 7. आधी योजनेची व्याख्या वाचा, मग आकडा लिहा

प्रत्येक योजना 'वस्ती' वेगळ्या अर्थाने मोजते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एकक महसुली गाव नाही, वस्ती आहे. मूळ योजनेत 2001 च्या लोकसंख्येवर मैदानी भागात 500 आणि डोंगराळ, आदिवासी भागात 250 असे उंबरठे होते, आणि 500 मीटरच्या परिसरातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येत होती. 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात 2011 ची लोकसंख्या आधार आहे. म्हणजे 220 लोकांचा पाडा एकटा अपात्र दिसेल, पण तीनशे मीटरवरचा 60 लोकांचा पाडा जोडल्यावर पात्र ठरू शकतो. दोन्ही पाड्यांनी वेगवेगळे अर्ज केले तर दोन्ही बाद. हे नुकसान केवळ नियम न वाचल्याने होतं.

कागदावर आकडा लिहिताना दोन ओळी वेगळ्या ठेवा. पहिल्या ओळीत महसुली गावाचं नाव, सहा अंकी कोड आणि जनगणनेची लोकसंख्या. दुसऱ्या ओळीत 'वस्तीची अंदाजित लोकसंख्या', आणि तो कोणत्या यादीवरून, कोणत्या प्रमाणाने काढला ते. अंदाजापुढे 'जनगणना 2011 नुसार' असं कधीही लिहू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीचे ग्रामसेवक) दाखला आणि ग्रामसभेचा ठराव यांत हाच अंदाज, हीच पद्धत असावी. तीन कागदांवर तीन आकडे दिसले की पहिला आक्षेप तोच येतो.

## 8. येत्या मोजणीत वस्ती सुटू नये म्हणून

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण 1 मार्च 2027 ची मध्यरात्र आहे. एप्रिल ते सप्टेंबर 2026 मध्ये घरयादी आणि फेब्रुवारी 2027 मध्ये माणसांची मोजणी, अशी आखणी आहे. गावं-तालुक्यांच्या सीमा 31 डिसेंबर 2025 ला गोठवायच्या ठरल्या. म्हणजे वाडीला नंतर महसुली दर्जा मिळाला तरी या मोजणीत ती जुन्याच गावात राहील. त्यावर शक्ती घालवू नका. पुढचं मात्र तुमच्या हातात आहे:

1. घरयादीच्या आधी गावातल्या सगळ्या वाड्या-पाड्यांची नावं, घरांच्या अंदाजासह, चार्ज अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. शेतातली एकटी घरं आणि वनजमिनीवरची घरं त्यात आवर्जून लिहा, कारण सुटतात ती हीच.
2. प्रगणकाचा नजरी नकाशा तयार होताना वाटाड्या द्या. पायवाट माहीत नसलेला माणूस शेवटच्या दिसणाऱ्या घरापाशी थांबतो.
3. शिवेवरच्या वस्तीत दोन्ही गावांच्या प्रगणकांना एकत्र फिरवा. नाहीतर दोघेही 'ते त्याच्याकडे' म्हणतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांसाठी सर्वांत अवघड प्रश्न फेब्रुवारीचा आहे. 2011 मध्ये मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. त्या पूर्ण काळात घरी नसलेल्या माणसाला घरच्या पत्त्यावर मोजायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम होता. गाळप हंगाम तेव्हा जोरात असतो. बीड किंवा पाथर्डीकडचा तांडा तेव्हा कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असतो, आणि तांड्यात म्हातारी माणसं आणि काही मुलं उरतात. म्हणून तांड्याचा छापील आकडा लहान दिसतो, आणि त्यावर ठरणारी शाळा, पाणी, रस्ता यांची मोजदादही लहान होते.

तांड्यातल्या मुकादमांची नावं, टोळ्या कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहेत आणि सोबत किती माणसं आहेत, ही यादी जानेवारीतच करा. तिची एक प्रत तिथल्या तहसील कार्यालयाला द्या, म्हणजे कोप्यांतली माणसं निदान तिथे तरी मोजली जातील. दुसरी प्रत ग्रामसभेच्या ठरावाला जोडून आपल्या ग्रामपंचायतीत ठेवा. पुढे वस्तीचा वाटा काढायची वेळ येईल तेव्हा फेब्रुवारीत तांड्याबाहेर किती माणसं होती याचा तारखेसह कागद तुमच्याकडे असेल.